आधी कीस्टोर शोधा, फ्लटरचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा: लातूर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं सोयाबीन-तूर खरेदीचं अँड्रॉइड ॲप आहे. २०१७ मध्ये एका फ्रीलान्सरने ते जावात लिहिलं. तो आता पुण्यात नोकरीला आहे आणि फोन क्वचितच उचलतो. ॲप चाळीसेक खरेदी केंद्रांवर रोज वापरलं जातं. आता संचालकांना ते आयफोनवर हवंय, ऑफिसला कॉम्प्युटरवर हवंय, आणि हे सगळं दिवाळीच्या आत. तुम्ही दोघंच आहात. विचारलंय की एकाच कोडमधून अँड्रॉइड-आयफोन दोन्हींची ॲप काढणाऱ्या साधनांपैकी कुठलं घ्यायचं: फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह की कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म?

नाव ऐकायचंच असेल तर फ्लटर. पण तुमच्या कामात हा पाचवा-सहावा निर्णय आहे. मी गेली पंधरा-सोळा वर्षं छत्रपती संभाजीनगरात बसून हीच कामं करतोय, त्यातली निम्मी दुसऱ्याने लिहून सोडून दिलेल्या ॲपची. त्यातलं एकही भाषा किंवा फ्रेमवर्क चुकलं म्हणून फसलं नाही.

वडिलोपार्जित जमीन नावावर करताना आपण आधी रान बघत नाही, सातबारा बघतो. ॲपचा सातबारा म्हणजे साइनिंग की, ॲपवर मालकाची डिजिटल सही करणारी गुप्त किल्ली. अँड्रॉइडवर ॲपची ओळख दोन गोष्टींनी ठरते: पॅकेजचं नाव आणि ती की. नवं ॲप जुन्यावर ‘अपडेट’ म्हणून बसायचं असेल तर दोन्ही तीच लागतात. गुगलकडे की ठेवायची सोय, म्हणजे प्ले ॲप साइनिंग, २०१७ मध्येच आली आणि नव्या ॲपना ती सक्तीची झाली ऑगस्ट २०२१ पासून. तुमचं ॲप नेमकं त्या मधल्या काळातलं. म्हणून आज संध्याकाळीच प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर ॲप चढवायचं खातं) उघडून ॲप साइनिंगचं पान बघा. तिथे गुगलकडे की असल्याचं दिसलं तर निम्मी चिंता मिटली, कारण अपलोड की (ॲप गुगलकडे चढवताना वापरायची) हरवली तरी खात्याचा मालक ती बदलून मागू शकतो. तसं नसेल तर कीस्टोर, म्हणजे ती की ठेवलेली डॉट-जेकेएस किंवा डॉट-कीस्टोर फाइल शोधावी लागेल. पासवर्ड बहुतेक वेळा बिल्ड-ग्रेडल या ॲप तयार करण्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये उघडाच लिहिलेला सापडतो. ते चूक आहे, पण अशा वेळी देव पावल्यासारखं वाटतं.

आणि प्ले कन्सोलचं खातं कुणाच्या नावावर आहे? त्या फ्रीलान्सरच्या जीमेलवर असेल तर सगळं सोडून आधी ॲप कंपनीच्या खात्यावर ट्रान्सफर करून घ्या. त्याला दोन्ही बाजूंची संमती लागते, म्हणजे तो फोन उचलतोय तोवरच हे होईल. नवं खातं काढाल ते संस्थेच्या नावानेच काढा. त्यासाठी डन्स क्रमांक (कंपनीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो. तो फुकट मिळतो, पण वेळ लागतो, आणि पुढे ॲपललाही तोच लागणार आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यावर नवं ॲप टाकायचं तर आधी बारा टेस्टर सलग चौदा दिवस सांभाळावे लागतात. ती कटकट कशाला?

की सापडलीच नाही तर? बियाण्यांच्या धंद्यातल्या एका ग्राहकाकडे माझ्यावर ही वेळ आली होती. की एका लॅपटॉपवर होती आणि तो फॉरमॅट करून कुणाच्या तरी भाच्याला दिलेला. नवं पॅकेज, नवं ॲप, आणि प्रत्येक माणसाच्या फोनवर जुनं काढून नवं टाकणं. जुनं काढताना त्यातला न पाठवलेला हिशोबही जातो, म्हणून आम्ही दोघं मोटरसायकलवर जालना-परतूर-मंठा असे फिरलो आणि आधी प्रत्येक फोनवर सिंक दाबून घेतलं. नऊ दिवस गेले.

यानंतर जुनं ॲप आहे तसं तुमच्या मशीनवर बिल्ड करा, म्हणजे कोडपासून चालणारं ॲप तयार करा. ‘टाकूनच द्यायचंय तर कशाला’ असं तुमचा जोडीदार म्हणेल. कारण नव्याआधी जुन्याचीच एक शेवटची आवृत्ती काढावी लागणार आहे, ती कशासाठी ते पुढे येतं. बिल्ड पहिल्या दिवशी होणार नाही. २०१७ चा प्रोजेक्ट जेसेंटर या भांडारावरून लायब्ररी (तयार कोडचे भाग) ओढतो आणि ते भांडार बंद करण्याची घोषणा २०२१ मध्येच झाली. काही लायब्ररी दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या मूळ माणसाच्या जुन्या लॅपटॉपवरच्या ग्रेडलच्या कॅशमध्ये मिळू शकतात. त्याला कोड समजावून सांगायला बोलावू नका, तो येणार नाही. ‘फक्त हे एक फोल्डर झिप करून दे’ म्हणा, देईल. बाकी जुन्या सपोर्ट लायब्ररी काढून त्यांच्या जागी नव्या अँड्रॉइडएक्स घालणं वगैरे कंटाळवाणं काम आहे, पण अवघड नाही. प्लेवर अपडेट टाकायचं तर ३१ ऑगस्ट २०२५ पासून टार्गेट एपीआय ३५ म्हणजे अँड्रॉइड १५ लागतं. सर्व्हरवरून नोटिफिकेशन जुन्या पद्धतीने जात असतील तर ती २०२४ पासूनच गुपचूप बंद पडली असतील आणि कुणी तक्रार केली नसेल. तक्रार आली नाही, तर त्या नोटिफिकेशन नव्या ॲपमध्ये घ्यायच्या की नाही याचं उत्तरही मिळालं.

आता कोड वाचण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

असाच एक खरेदीचा प्रोजेक्ट हातात आला होता. वजन, भाव, कपात, जिथे जिथे आकडा मजकुरात बदलला जात होता तिथे आधीच्या माणसाने ‘लोकेल डॉट इंग्लिश’ लिहिलं होतं (लोकेल म्हणजे कुठल्या भाषेच्या पद्धतीने लिहायचं ते). तीस-चाळीस जागी. मला वाटलं, मराठी ॲपमध्ये हे काय अडगळ? साफसफाईच्या भरात काढून टाकलं. माझ्या फोनवर सगळं ठीक. आठवड्याने परभणीकडच्या तीन केंद्रांवरून फोन: पावतीवर वजन बरोबर, ऑफिसच्या यादीत शून्य. बाकी केंद्रं व्यवस्थित. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की त्या तिघांच्या फोनची भाषा मराठी होती. अँड्रॉइडवर लोकेल न सांगता आकडा फॉरमॅट केला की मराठी फोनवर तो देवनागरी अंकांत येतो. ‘१२.५०’ असा मजकूर सर्व्हरला गेला, सर्व्हरला तो आकडा वाटला नाही आणि त्याने निमूट शून्य लिहिलं. माझ्या फोनची भाषा अर्थातच इंग्रजी होती.

फ्लटरमध्ये गेल्याने हे सुटत नाही. फ्लटरच्या डार्ट भाषेतलं नंबर-फॉरमॅट मराठी लोकेलला देवनागरी अंकच देतं, आणि मजकुराचा आकडा करणाऱ्या डबल-पार्सला ‘१२.५’ दिलं की ते थेट एक्सेप्शन (एरर) फेकतं. शिवाय मराठी कीबोर्ड लावलेला माणूस रकान्यात देवनागरी अंकच टाकणार, त्याने का टाकू नयेत? तेव्हा आत येणारा प्रत्येक आकडा दारातच साध्या अंकांत बदलून घ्या, बाहेर जाताना साधाच पाठवा, आणि देवनागरी फक्त स्क्रीनवर व पावतीवर दाखवा. आकड्यांतले स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, १,२३,४५६ असे पडतात ना तेही बघा. १२३,४५६ अशी पट्टी दिसली की मोंढ्यातला मुनीम तुमच्या ॲपवर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

म्हणून जुन्या कोडमधल्या प्रत्येक विचित्र ओळीपुढे वहीत लिहा: ही का असेल? पोत्यामागे काही ग्रॅम वजा होत असतील तर तो बारदाना. ओलाव्याच्या आकड्याशी १२ ची तुलना असेल तर ती हमीभाव खरेदीची सोयाबीनची मर्यादा. एखादी रक्कम कायम खालच्या रुपयाला गोल होत असेल तर ते बग आहे की संचालक मंडळाचा ठराव, हे कोड सांगणार नाही. केंद्रावरच्या माणसाला विचारा. दोन दिवस काट्याजवळ उभं राहून बघा, तुम्हाला जे स्क्रीन महत्त्वाचे वाटत होते त्यातले निम्मे कुणी उघडतच नाही असं दिसेल.

तिथे उभे असाल तेव्हाच ‘आयफोनवर हवंय’चा अर्थही लावून घ्या. संचालक वजन करत नाहीत. त्यांना सकाळी चहा घेताना काल किती क्विंटल आलं, काय भावाने, किती पैसे द्यायचे राहिले, एवढं बघायचं असतं. ऑफिसला याद्या, एक्सेल आणि प्रिंट हवी असते. ही दोन्ही कामं वेबसाइटची आहेत. साधी, सर्व्हरवर तयार होणारी पानं करा, लॉगिन द्या, आयफोनवर होम स्क्रीनला आयकॉन लावून द्या. ही पानं फ्लटर वेबमध्ये करू नका. ‘एकच कोड सगळीकडे’ ऐकायला गोड आहे, पण लांबलचक तक्ते, कॉपी-पेस्ट, प्रिंट, कमजोर नेटवर पहिल्यांदा पान उघडायला लागणारा वेळ, या सगळ्यांत साधं एचटीएमएल पुढे आहे. दीडेक महिन्यात हा भाग उभा राहतो आणि संचालक शांत होतात. संचालक शांत असणं ही या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी तांत्रिक गरज आहे.

खरेदी केंद्रावर आयफोन चालवायचा हट्ट कुणी धरला तर काटा आणि प्रिंटर दाखवा. २०१७ च्या सुमाराचे ब्लूटूथ काटे आणि पावतीचे छोटे प्रिंटर बहुतेक जुन्या ब्लूटूथच्या सिरियल पद्धतीने बोलतात. आयफोन त्या पद्धतीने कुठल्याही यंत्राशी बोलू देत नाही. एक तर यंत्राला ॲपलचा परवाना हवा, नाहीतर ते ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारं हवं. म्हणजे प्रश्न तुमच्या कोडचा नाही, चाळीस केंद्रांवरची यंत्रं बदलण्याचा आहे. हा खर्च कागदावर मांडला की हट्ट आपोआप सुटतो.

पुढे कधी खरोखरच ॲप स्टोअरवर जायचं ठरलं तर मॅक लागेल, वर्षाला ९९ डॉलर लागतील, आणि नुसती वेबसाइट गुंडाळून पाठवली तर ॲपल ‘यात ॲपसारखं काही नाही’ म्हणून परत पाठवू शकतं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. तपासणारा माणूस परदेशात असतो, त्याला भारतीय मोबाइलवरचा ओटीपी कसा मिळणार? त्याच्यासाठी ठरलेला नंबर आणि ठरलेला ओटीपी सर्व्हरवर ठेवा आणि अर्जात लिहा. माझी पहिली दोन रिजेक्शन याच एका कारणाने आली.

मग इतकं सगळं वेबवर गेल्यावर फ्लटर कशाला? केंद्रावरचं अँड्रॉइड ॲप तरीही नव्याने लिहावं लागणारच आहे, आणि ते लिहिताना उद्याचं दार उघडं राहावं म्हणून. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म २०२३ च्या नोव्हेंबरात स्थिर जाहीर झालं आणि ते चांगलं आहे. पण तुमचा कोड जावात आहे आणि सामाईक भागात जावा चालत नाही. आधी सगळं कोटलिनमध्ये आणा, मग जावाच्या लायब्ररींवरचं अवलंबून राहणं तोडा, आणि मग ते. आठ-दहा जणांच्या टीमला हा रस्ता परवडतो. दोघांपैकी एकाचा हात जावास्क्रिप्टवर बसलेला असेल तर रिॲक्ट नेटिव्ह घ्या, मी भांडणार नाही. कुठलंही घेतलं तरी ते कायमचं नाही. झामारिन या अशाच साधनावर लिहिलेली कामं माझ्याकडेही होती, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपवला. म्हणून वजन-कपात-रक्कम यांचा हिशोब स्क्रीनच्या कोडपासून वेगळा ठेवा, आज ना उद्या तो उचलून दुसरीकडे न्यायचा आहे.

निर्णय पक्का करायच्या आधी एकच दिवस एक गोष्ट करून बघा: तुमचा तोच काटा, तोच प्रिंटर आणि तुमच्याकडचा सगळ्यात स्वस्त फोन घेऊन फ्लटरमधून एक वजन वाचा आणि एक मराठी पावती छापा. या प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो. मजकूर तसाच पाठवला तर प्रश्नचिन्हं किंवा कचरा छापला जातो. पावती चित्र म्हणून काढून पाठवावी लागते. ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरवर ते चित्र साधारण ३८४ ठिपके रुंद असतं. जुन्या कोडमध्ये हा उद्योग कुठेतरी केलेला असेलच, तो भाग जपून वाचा. हे त्या एका दिवसात जमलं तर फ्लटर. नाही जमलं तर काटा-प्रिंटरचा भाग जुन्या जावा कोडमधून तसाच उचलून प्लॅटफॉर्म चॅनलने, म्हणजे फ्लटर आणि अँड्रॉइडच्या मूळ कोडमधल्या पुलाने, जोडता येतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चालू असलेला कोड मोडून ‘शुद्ध’ करण्याची हौस मला तिशीत होती.

आता डेटा. केंद्रावरच्या फोनमध्ये न पाठवलेल्या पावत्या असतात. पाटोदा, आष्टी, भूम या बालाघाटाच्या पट्ट्यात रेंज संध्याकाळी गावात आल्यावर मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवं ॲप त्याच पॅकेजने वर बसलं की जुनी एसक्यूलाइट (डेटाबेसची) फाइल तिथेच असते. फ्लटरची डेटाबेस लायब्ररी एसक्यूफ्लाइट अँड्रॉइडवर त्याच नेहमीच्या डेटाबेस फोल्डरमध्ये बघते. म्हणजे फाइलचं नाव तेच दिलं तर जुना डेटा जसाच्या तसा उघडतो, आवृत्तीचा आकडाही तोच वाचला जातो. मात्र लॉगिन, केंद्राचा कोड, शेवटचा पावती क्रमांक हे बहुधा शेअर्ड प्रेफरन्समध्ये (ॲपच्या बारीकसारीक नोंदींच्या फाइलमध्ये) असणार, आणि फ्लटरची त्याच नावाची लायब्ररी जुनी फाइल वाचत नाही, स्वतःची वेगळी फाइल ठेवते. त्यासाठी दहा-वीस ओळींचा नेटिव्ह कोड लिहून जुन्या नोंदी एकदा उचलून आणाव्या लागतात. हे विसरलात तर अपडेटनंतर चाळीस केंद्रं एकाच सकाळी लॉगआउट होतील आणि पावती क्रमांक एकपासून सुरू होईल.

पहिल्या आवृत्तीत डेटाबेसची रचना अजिबात बदलू नका. कितीही वाईट असली तरी. प्लेवर टप्प्याटप्प्याने सोडता येतं आणि गडबड दिसली की थांबवताही येतं, पण ज्यांच्या फोनवर गेलं ते मागे खेचता येत नाही. मागे जायचं म्हणजे जुनाच कोड वरचा व्हर्जन कोड लावून पुन्हा पाठवायचा. तोवर नव्या ॲपने डेटाबेसची आवृत्ती वाढवलेली असेल तर जुना कोड ती फाइल उघडायलाच नकार देतो आणि क्रॅश होतो. रचना तशीच ठेवली तर परतीचा रस्ता मोकळा राहतो. सुधारणा दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत करा.

ती जुन्याची शेवटची आवृत्ती याचसाठी. तिच्यात तीन गोष्टी घाला: किती पावत्या पाठवायच्या राहिल्यात ते मोठ्या अक्षरात दिसू द्या, डेटाबेसची एक प्रत सर्व्हरवर चढवायचं बटण द्या, आणि प्रत्येक पावतीला फोनवरच तयार होणारा युनिक आयडी द्या. तिसऱ्यासाठी असलेल्या टेबलला हात लावू नका, वेगळं छोटं टेबल चालेल. रेंज मधेच गेली की ॲप तीच पावती पुन्हा पाठवतं, आणि आयडी नसेल तर सर्व्हर तिला नवी समजतो. शेतकऱ्याला दोनदा पैसे गेले तर तो सहसा सांगायला येतो, पण सहसाच.

शोधाबद्दल एक बारीक गोष्ट, मराठी सोडून कुणाला फारशी भेडसावत नाही अशी. ‘गुऱ्हाळ’ किंवा ‘बिऱ्हाडे’ असा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एक ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त लावून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला तंतोतंत सारखे, संगणकाला वेगवेगळे. कुठला कीबोर्ड कोणता लिहील याचा नेम नाही. म्हणून एकाच शेतकऱ्याची दोन खाती तयार होतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखा मजकूर एका रूपात आणणं) हे दोन एक करत नाही, तुम्हालाच साठवण्याआधी एका रूपात आणावं लागेल. आजचा सर्व्हर उघडून बघा, जोड्या सापडतील.

आणि शेतकऱ्यांच्या पासबुकांचे, आधारचे फोटो जुन्या ॲपने फोनच्या गॅलरीत ठेवले असतील तर ते थांबवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी, केंद्रावरचा तो फोन घरी गेल्यावर लेकरांच्या हातात असतो.

वेळेचं: दिवाळी विसरा. सोयाबीनची सुगी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि त्या दोन महिन्यांत चालू ॲपला कुणी हात लावू नये. सुगीआधी वेबची पानं आणि जुन्या ॲपची ती शेवटची आवृत्ती, एवढंच द्या. सुगी चालू असताना तुम्ही नवं ॲप लिहा, आणि केंद्रावर जाऊन बसा, कारण खरी गर्दी तेव्हाच दिसते. तूर येऊ लागली की दोन केंद्रांवर नवं सोडा, एक रेंजवालं, एक बिनरेंजचं. दोघांचं मिळून पाच-सहा महिन्यांचं काम आहे. कुणी दोन महिन्यांत करून देतो म्हणत असेल तर त्याला बारदान्याची ओळ दाखवून विचारा ही काय आहे.

सर्व्हरचा जुना पत्ता नव्यासाठी मोडू नका. कुठल्या तरी केंद्रावर वर्षभर अपडेट न केलेला एक फोन असतोच.

आज करायचं ते एवढंच: प्ले कन्सोलचं ॲप साइनिंगचं पान आणि बिल्ड-ग्रेडल फाइल, या दोन्हींचे स्क्रीनशॉट इथेच टाका. बिल्ड-ग्रेडलमधली पासवर्डची ओळ झाकून.